नाल्यावरच्या सांगाड्याची रीतसर ओळख

प्राणी जिवंत असेपर्यंत त्याला ओळखण्यात काही पुरुषार्थ नसतो. गाय हंबरते, कुत्रा भुंकतो, घोडा लाथ मारतो. आपली ओळख ते आपणच पटवून देतात. माणसाच्या बुद्धीची कसोटी लागते ती प्राणी मेल्यावर, आणि त्यातही कातडं, मांस वगैरे दिशाभूल करणारा भाग निघून गेल्यावर. या कसोटीला आमचं गाव पुरेपूर उतरलं. एक सांगाडा ओळखायला आम्हाला अवघे सात महिने लागले.

आमचं गाव प्रकाशा-तळोदा रस्त्यावर आहे. नाव देत नाही, कारण सरकारी कागदांवर ते तीन प्रकारे लिहिलं जातं आणि तिन्हींची चौकशी चालू आहे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी छगन पाटील आपल्या पपईच्या शेताकडे निघाले होते. नाल्याचा काठ रात्रीतून ढासळला होता आणि मातीतून एक लांबट कवटी व बऱ्याच फासळ्या बाहेर आल्या होत्या. छगनभाऊ जबाबदार नागरिक असल्यामुळे त्यांनी आधी फोटो काढला, तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि मगच सांगाड्याकडे पाहिलं.

वीस मिनिटांत चार ओळखी पटल्या. पहिली बिबट्याची. दुसरी, बिबट्याने खाल्लेल्या कुणाची तरी. एका शिक्षकांनी लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय प्राण्याची शक्यता वर्तवली, पण त्या काळी ग्रामपंचायत अस्तित्वात नसल्यामुळे जबाबदारी निश्चित होईना, म्हणून ती मागे पडली. चौथी ओळख गायीची. ती सुरतेहून आली. ज्या गृहस्थांनी ती पटवली ते सहा वर्षांत गावाकडे फिरकलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. दुपारपर्यंत गाय गावात पक्की रुजली.

लगेच सांगाडा ओळख समिती स्थापन झाली. अध्यक्षपद माजी उपसरपंच नवनीत पाटील यांच्याकडे गेलं. (त्यांचा प्राणिशास्त्राचा अभ्यास म्हणजे गोरक्षणावर त्यांनी दिलेली अकरा भाषणं.) मी शाळेतला निवृत्त कारकून, माझं अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं. आम्ही स्थळपाहणी केली. दुर्गंधीमुळे पंधरा फुटांचं अंतर राखलं. दुर्गंधी नव्हती, पण अंतर राखणं योग्य होतं.

मग हात वर करून मतदान झालं. हजर त्रेपन्न. गाय एक्केचाळीस, बिबट्या नऊ, तटस्थ तीन. माझा हात गायीसाठी वर होता. इतके हात वर असताना एकट्याचा खाली ठेवला की तो दिसतो.

मतमोजणी चालू असताना छगनभाऊंच्या आई धनुबाई निंदणीला जाता जाता तिथे थांबल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी पंधरा फुटांचा नियम मोडला, उकिडव्या बसल्या आणि कवटीच्या जबड्यावरून बोट फिरवलं.

"गायले वरना पुढला दात ऱ्हातस का रे?" त्या म्हणाल्या. "हाई घोडं शे."

एवढं बोलून त्या निंदायला निघून गेल्या. गायबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ही गोष्ट हजर असलेल्यांपैकी निदान चाळीस जणांना ठाऊक होती. बैल घेताना त्यांनी जन्मभर जबडा उघडूनच पाहिलेला आहे. पण तो त्यांचा घरगुती व्यवहार होता आणि हे सार्वजनिक काम होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'एका ज्येष्ठ महिलेने कामकाजात अल्प व्यत्यय आणला.'

सांगाड्याच्या पायाशी एक वस्तूही सापडली. तिची नोंद अशी: 'लोखंडी वस्तू एक. अर्धगोल, गंजलेली, कडेने खिळ्यांची भोकं. प्रयोजन अज्ञात.' हत्यार असावं, असं अध्यक्षांचं मत पडलं. घोड्याचा नाल दारावर ठोकलेली आमच्या गावात सतरा घरं आहेत, त्यांत अध्यक्षांचं एक. परंतु दारावरचा नाल उभा असतो आणि हा आडवा पडला होता.

गाय ठरल्यावर गुन्हेगार लागतोच. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तळोद्याचा हारुन ट्रॅक्टर घेऊन याच नाल्यावर आला होता, हे कुणाला तरी आठवलं. हारुनचं नाव ऐकताच बिबट्याच्या नऊ मतदारांनीही आपलं मत फिरवलं.

हारुनला पंचक्रोशीत ओळखत नाही असा माणूस नाही. त्याच्या वडलांपासून त्यांच्याकडे लग्नाची घोडी. पांढरी चमेली आणि तिच्या पाठीवर नवरदेव, हे दृश्य वीस वर्षं प्रत्येक गावाने पाहिलेलं. ती मेलीही कामावरच. आमच्याच गावातल्या पितांबरआबांच्या मुलाचं लग्न होतं, एप्रिलचं ऊन, आणि डीजेचं एकेक गाणं संपता संपत नव्हतं. तीन तास ती मारुतीच्या पारासमोर झुलीखाली उभी राहिली. नवरदेव उतरला आणि ती बसली, ती उठलीच नाही. पितांबरआबा तेव्हा हळहळले होते. तळोद्याला कुठे नेतोस, म्हणून त्यांनी नाल्यालगतची आपल्या बांधाची जागा दाखवली, आणि हारुनने मीठ टाकून तिला तिथे पुरलं.

निरोप मिळताच हारुन आला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. सरळ कवटीपाशी गेला, बसला आणि मोत्यांची पट्टी बांधायचा त्या जागी, कपाळाच्या हाडावर, हात ठेवून राहिला. गुन्हेगार घटनास्थळी भावनावश होतो, हे अध्यक्षांनी माझ्या कानात सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं.

"हाई मन्ही चमेली शे," हारुन म्हणाला.

अध्यक्षांनी शांतपणे घोडीचा मृत्यू दाखला मागितला. तो नव्हता. जन्माचा दाखलाही नव्हता. पुरल्याचा पंचनामा नव्हता. जिला एकही कागद नाही अशी घोडी होती यावर समितीने विश्वास कसा ठेवावा? हारुनने मग गर्दीत नजर फिरवली. पितांबरआबा शेवटच्या रांगेत होते.

"आबा," तो म्हणाला, "तुम्हीच जागा दिन्ही व्हती ना?"

सगळे वळून पाहू लागले. पितांबरआबांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. उजव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तो त्यांनी बराच वेळ तपासला.

"माले याद नही," ते म्हणाले.

त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत चमेली चाळीस मिनिटं दिसते. पण त्यांना ती आठवत नव्हती, आणि माणसाच्या स्मरणशक्तीवर कुणाचा जोर चालत नाही. हारुनने दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्याकडेही त्याने एकदा पाहिलं. चमेलीला खड्ड्यात उतरवताना दोराचं एक टोक माझ्या हातात होतं. मी इतिवृत्तात 'साक्षीदार: निरंक' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

त्याला ठाण्यात नेऊन दोन दिवस बसवून ठेवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रशिदा गावात आली ती एक जाडजूड अल्बम घेऊन. नवरदेवांचे दोनशे बारा फोटो, प्रत्येकात खाली चमेली. सत्तेचाळिसावा फोटो खुद्द अध्यक्षांचा होता: फेटा, हातात तलवार, चेहऱ्यावर पडण्याची भीती. रशिदाने तो त्यांच्यासमोर धरला.

समितीने फोटोंचा बारकाईने अभ्यास केला. निष्कर्ष असा, की फोटोतल्या प्राण्याला कातडी आहे आणि सांगाड्याला नाही, सबब तुलना शक्य नाही. अल्बम परत देण्यात आला. अध्यक्षांचा फोटो तेवढा समितीने जपून ठेवला.

पशुवैद्यक साहेब आले. त्यांनी गाडीतून उतरता उतरताच म्हटलं, घोडा. लेखी द्या म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला, आमच्याकडे पाहिलं, बाहेर जमलेल्या तरुणांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'प्राणी चतुष्पाद व सस्तन असून मृत आहे.' तिन्ही गोष्टी आजवर कुणाला खोडता आलेल्या नाहीत. मग एक हाड प्रयोगशाळेकडे रवाना झालं आणि उरलेली पोत्यात भरून, शिक्का मारून, ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवण्यात आली.

हारुनला सोडण्यात आलं, पण संशय तसाच राहिला. त्या वर्षीच्या लग्नसराईत त्याच्या नव्या घोडीला एकही बोलावणं आलं नाही. त्याच्याबद्दल कुणाचा आकस नव्हता. शुभकार्यात चर्चा नको, एवढंच. ही चमेलीची तरुण मुलगी; ती त्याने सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत विकली. सौदा झाल्यावर तिचा लगाम सोडायला त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, असं बघणारे सांगतात. आता तो नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे. तिथे प्राणी एकाच जातीचे असल्यामुळे ओळखीचा प्रश्न उद्भवत नाही.

एप्रिलमध्ये अहवाल आला. घोडा, मादी, वृद्ध. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणांनी 'मी तर तेव्हाच म्हटलं होतं' हे नोंदवलं. समितीने चिकाटीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. ठराव एकमताने मंजूर झाला, सूचक पितांबरआबा.

हारुन हाडं न्यायला आला, तेव्हा अध्यक्षांनी नियम समजावून सांगितला, की सांगाडा मालकालाच देता येतो आणि मालकीचा कागद हवा. हारुन पायरीवर बसला. ही बातमी शेतात धनुबाईंपर्यंत गेली. खोलीची किल्ली छगनभाऊंच्या घरी खुंटीला असायची, ती घेऊनच त्या आल्या, त्यांनी कुलूप काढलं आणि पोतं ओढत बाहेर आणलं. "मन्हा बांधवर गाड," त्या हारुनला म्हणाल्या. "तठे तुले कोणी इचारणार नही." अध्यक्षांनी मला लिहून घ्यायला सांगितलं. माझ्या पेनातली शाई संपली होती. एवढीच माझी मर्दुमकी.

हकीकत इथे संपते. तुम्ही ती आमच्यावर हसत, आमच्यावर चिडत वाचली असणार, आणि घोडं आहे हे कळल्यावर तुम्हाला हायसं वाटलं असणार. निर्दोष माणूस संशयातून सुटला. तो सुटला, कारण हाडं घोडीची निघाली. ती त्याच्या घरच्या एखाद्या गायीची असती, म्हातारी होऊन मेलेली, त्यानेच मीठ टाकून पुरलेली, तर? सात महिन्यांच्या कामकाजात हा प्रश्न समितीत कुणी विचारला नाही. मी सांगेपर्यंत तुमच्याही मनात आला नव्हता. समितीत एक जागा रिकामी आहे, कळावे. हात वर करता आला की पुरे.