करकोच्यानं दिलेलं कडेचं प्यादं

एका जंगलात, म्हणजे आपल्या इथल्या नव्हे, खूप लांबच्या, दिगंबर नावाचा करकोचा राहत होता. जंगलाचं नाव विचारू नका. मला याच कॉलनीत राहायचं आहे.

दिगंबर एका पायावर उभा राहून विचार करायचा. तासन्‌तास. त्यामुळे तो बुद्धिबळात फार पुढे गेला आणि आसपासच्या सगळ्या जंगलांचा विजेता झाला.

तो परत आला तेव्हा सिंहमहाराजांनी त्याला हार घातला. त्याचं चित्र झाडाझाडावर लागलं. चित्रात महाराज मोठे होते. दिगंबर कोपऱ्यात होता. त्याची चोच तेवढी छान आली होती.

"हा विजय आमच्या मार्गदर्शनाचा आहे," महाराज म्हणाले.

पटावर घोडा अडीच घरं चालतो, हे महाराजांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घोडा फक्त खाल्ला होता.

त्याच समारंभात महाराजांनी आणखी एक घोषणा केली. माळावर भव्य डरकाळी मैदान होणार! माळावर सशांची बिळं होती.

"विकासाला थोडी जागा लागतेच," प्रधान तरस हसत म्हणाला. तो एरवीही हसतच असायचा.

शेवंता नावाची सशीण रडत दिगंबरकडे आली. तिच्या पिल्लांनी अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते.

"दादा, तुम्ही एवढे हुशार. आमची बिळं वाचवा की हो."

दिगंबरनं वरचा पाय खाली ठेवला आणि खालचा वर घेतला. म्हणजे त्याचा निर्णय झाला.

"ताई, आजपासून मी विरोधी पक्षात."

विरोधी पक्ष जंगलात आधीपासून होता. त्यात एक म्हातारा गवा होता. तो दर उन्हाळ्यात एकदा निषेध करायचा आणि परत झोपायचा. "बरं झालं आलास बाळा," गवा म्हणाला. "मी जरा टेकतो."

वडाखाली सभा भरली. ससे आले, माकडं आली. दिगंबर म्हणाला, "महाराजांनी मैदान जाहीर केलं, ही त्यांची खेळी. आता आपली. आपण मोर्चा काढू. मग त्यांची पाळी."

मोर्चा निघाला. छान झाला. मग दिगंबर एका पायावर उभा राहून महाराजांच्या खेळीची वाट बघू लागला.

महाराजांनी तीन खेळ्या एकदम केल्या. वडाखाली सभांना बंदी घातली. माकडांना फळबाग दिली. गव्याला 'वनभूषण' केलं.

"एका वेळी एकच!" दिगंबर ओरडला. "हे नियमात बसत नाही!"

"नियम कुणाकडे असतात रे?" महाराजांनी तरसाला विचारलं.

"आपल्याकडेच, महाराज."

दुसऱ्या दिवशी माकडं पलीकडे, महाराजांच्या बाजूला बसलेली होती. "पटावर मारलेली सोंगटी डब्यात जाते," दिगंबर म्हणाला. "ती समोरून खेळायला येत नाही."

"आम्हाला मारलं कुणी?" माकडं केळी सोलत म्हणाली. "आम्ही विकासासोबत आहोत."

पण दिगंबर विजेता होता, मुलांनो. तो असा हरणारा नव्हता. त्यानं खूप विचार केला आणि सगळ्या सशांना बोलावलं.

"सापडलं! महाराजांवर मात नक्की. फक्त सुरुवातीला एक प्यादं द्यावं लागेल."

सशांनी टाळ्या वाजवल्या.

"कुठलं?" शेवंतानं विचारलं.

"कडेचं."

टाळ्या थांबल्या नाहीत. कारण कडेला एकच बीळ होतं. ते शेवंताचं होतं.

"ते बीळ आपण त्यांना पाडू द्यायचं," दिगंबर समजावू लागला. "मग सगळं जंगल चिडेल. हत्ती चिडतील. महाराज अडकलेच."

"अहो दादा, पण आत माझी पिल्लं आहेत."

"म्हणून तर जंगल जास्त चिडेल!"

दिगंबर दुष्ट नव्हता हं. त्याला खरोखरच पुढचा सगळा पट दिसत होता. आणि पट खरोखरच सुंदर होता.

"मी बीळ वाचवायला आले होते," शेवंता म्हणाली.

"वाचतील की. बाकीची सगळी वाचतील."

"शेवंता, असं काय करतेस? जरा व्यापक हित बघ," बाकीचे ससे म्हणाले. त्यांची बिळं मधोमध होती.

शेवंतानं पिल्लं उचलली आणि ती थेट सिंहाच्या गुहेत गेली.

तिनं सगळं सांगितलं. माकडांनी ते झाडावरून ऐकून महाराजांना आधीच सांगितलं होतं. महाराजांनी आवाज अगदी मऊ केला. "बाई, आमच्या राज्यात कुणाचाही बळी दिला जात नाही."

एवढं बोलून ते जेवायला गेले. जेवायला काय होतं, ते आत्ता नको. तुम्ही आधी वरणभात संपवा.

शेवंता सशांची अधिकृत प्रतिनिधी झाली. तिलाही हार मिळाला. तिचंही चित्र लागलं. कोपऱ्यात होती, पण कान छान आले होते.

मैदान झालं. माळावरची सगळी बिळं गेली. कडेचं एक तेवढं ठेवलं आणि त्याच्यावर पाटी लावली : 'सुखी ससे'. डरकाळीच्या दिवशी शेवंता पिल्लांच्या कानात गवताचे बोळे घालते.

दिगंबरनं पुष्कळ दिवस आपली चूक शोधली. "खेळी बरोबर होती," तो शेवटी म्हणाला. "प्यादं बोलकं निघालं." मग तो पुन्हा स्पर्धेला गेला, पुन्हा जिंकला. महाराजांनी पुन्हा हार आणला. या वेळी त्यानं मान आपणहून पुढे केली.

आता तुम्ही विचारणार, शेवंता चांगली की वाईट? मला सांगता येत नाही. मी दोनदा विचार केला आणि दोन्ही वेळा आधी तुमची पांघरुणं नीट केली. तिच्या पिल्लांचे डोळे यथावकाश उघडले, एवढं मला माहीत आहे. त्यांना समोर काय दिसलं, ते बाबांना विचारा.

तात्पर्य : ज्याचा बळी द्यायचा आहे, त्याला आधी सांगू नये. जो सांगतो तो विरोधी पक्षात राहतो. जो सांगत नाही तो राज्य करतो.