उघडणे या दोषाविषयी

वस्तू आणि माणूस यांच्यामध्ये एखादा पातळ, चकचकीत पडदा असल्याशिवाय सुधारलेल्या समाजाला करमत नाही. उघडी वस्तू ही नुसतीच वस्तू असते. तिच्यावर प्लॅस्टिकची फिल्म चढली की तिचा माल होतो. (फिल्म काढली की ती पुन्हा वस्तू होते आणि दुकानदार परत घेत नाही.)

हे सत्य ज्यांना फार लवकर उमगलं अशा मोजक्या माणसांत एका बिस्किट कंपनीच्या पॅकिंग विभागाचे प्रमुख होते. कंपनीत त्यांना सगळे पापुद्रे साहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. फिल्मचा तुकडा दोन बोटांत धरायचा, चुरगाळायचा, कानाशी न्यायचा आणि डोळे मिटून ‘ही ओलाव्यात दगा देणार’ असं सांगायचं, हे ज्याला जमतं त्याला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं, असं त्यांना स्वतःलाही वाटत नसे.

मालकांचे दोन धंदे एकाच कुंपणात नांदत होते. डाव्या शेडमध्ये बिस्किटं आणि उजव्या शेडमध्ये यंत्रांची बेअरिंगं. बिस्किटांच्या विभागाला किरकोळ म्हणत आणि बेअरिंगांच्या विभागाला औद्योगिक. त्यामुळे डावीकडच्या लोकांना उगाचच कमीपणा वाटे. त्यातच ‘बिस्किटं मऊ पडतात’ अशा तक्रारी वाढल्या. एका गिऱ्हाइकाने तर बिस्किटाची घडी घालून ती पाकिटातून कंपनीला पाठवली. तेव्हा मालकांनी ‘योग्य फिल्म निवड समिती’ नेमली आणि पापुद्रे साहेबांना तिचं अध्यक्ष केलं.

समितीत मतभेद मुळीच नव्हते. प्रत्येकाला चांगली फिल्म हवी होती. विक्रीप्रमुखांना ती आरपार दिसणारी हवी होती, म्हणजे गिऱ्हाइकाला बिस्किट दिसेल. फक्त बिस्किटाची खालची बाजू दिसू नये. उत्पादनाच्या इंजिनिअरांना ती मुळीच आरपार नको होती, कारण उजेडाने बिस्किटातलं तूप खवट होतं. (बिस्किटात तूप नव्हतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.) खरेदी विभागाच्या बाईंना ती विकत घेताना पातळ आणि हाताला जाड लागणारी हवी होती. जाहिरातवाल्यांना ती वाजायला हवी होती. ताजेपणा जिभेला कळण्याच्या कितीतरी आधी कानाला कळतो. जुन्या बिस्किटावर वाजणारी फिल्म चढवली तर ते सरासरी पावणेदोन महिन्यांनी तरुण वाटतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि चाचण्या सुरू केल्या. पुडे गच्चीवरून टाकले. पुडे पाण्यात बुडवले. पुड्यांवर शिपाई उभा केला, आणि शिपाई हलका भरतो असा आक्षेप आल्यावर विक्रीप्रमुख स्वतः उभे राहिले. एकामागून एक फिल्म नापास होत गेल्या. एक आकसून अशी बसली की बिस्किटांचा चुरा झाला. दुसरी ताणून गुंडाळायची होती, ती कामगारांच्या कोपरांना चिकटली. तिसरीवर चंदेरी मुलामा होता. ती सगळ्या चाचण्यांत उत्तम ठरली, पण तिच्यात बिस्किटापेक्षा फिल्मच जास्त चांगली दिसते, असा शेरा पडला.

शेवटी साहेबांची नजर उजव्या शेडकडे गेली. बेअरिंगं जहाजाने परदेशी जात, तेव्हा त्यांना सात नंबरची फिल्म लावत. खारं वारं तिच्यापुढे चालत नसे. साहेबांनी विचार केला: बेअरिंगाला काय हवं? ओल लागू नये, धूळ बसू नये, धक्क्याने बिघडू नये. बिस्किटाला काय हवं? तेच. दोघंही गोल. तेव्हा दोघांना एकच फिल्म का नको?

सात नंबरने विक्रमी गुण मिळवले. इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. चाचण्यांच्या नियमावलीत ‘उघडणे’ असं सदरच नव्हतं. फिल्म फाटली की ती ‘दोष’ या सदरात जाई. मग ती ट्रकमध्ये फाटो, गोदामात फाटो की गिऱ्हाइकाच्या हातात. असला भेदभाव शास्त्राला मान्य नसतो. सात नंबर कुठेच फाटली नाही.

नवे पुडे बाजारात गेले आणि मऊ बिस्किटाच्या तक्रारी बंद झाल्या. बिस्किटाबद्दल तक्रार करायची तर आधी बिस्किटापर्यंत पोचावं लागतं. मालकांनी साहेबांचा सत्कार केला आणि टेबलावर ठेवायचं घड्याळ भेट दिलं. तेही सात नंबरमध्ये बांधलेलं होतं. साहेबांच्या केबिनमध्ये त्याची टिकटिक आतून छान ऐकू येत असे.

साहेबांच्या घरी त्यांचे वडील होते. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी उभं आयुष्य कोपऱ्यावरच्या टपरीत कुलपं दुरुस्त करण्यात आणि किल्ल्या घासण्यात घालवलं होतं. किल्ली हरवलेले लोक त्यांना जेवत्या ताटावरून उठवून नेत, आणि नाना बोटाएवढी तार आत घालून, कुलपाशी दोन शब्द बोलल्यासारखं करून ते उघडत. त्यांना नाही म्हणणारं कुलूप गावात नव्हतं. मुलाने पिशव्यांच्या धंद्यात जावं, हे मात्र त्यांना कधी पटलं नव्हतं. ते तसं बोलून दाखवत नसत. कुणी विचारलं तर ‘तो कंपनीत असतो’ एवढंच सांगत.

एके संध्याकाळी साहेब घरी आले, तर बायको अजून बहिणीकडून परतली नव्हती आणि नाना खिडकीपाशी बसले होते. समोर चहा. त्यावर जाड साय धरलेली. मांडीवर बिस्किटाचा पुडा, आणि शेजारी पक्कड, तार, दोन चिमटे आणि सुनेची हेअरपिन.

“चहा नाही घेतलात, नाना?”

“बिस्किटाबरोबर घेणार होतो.”

“मग?”

नानांनी पुडा उलटा केला, सुलटा केला. “याला तोंड कुठे आहे रे? दुपारपासून शोधतोय. सगळीकडून एकसारखाच लागतो.” मग त्यांनी दोन्ही पंजे समोर धरले आणि परके असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिले. “हात गेले माझे. एक पुडा उघडत नाही म्हणजे काय राहिलं? ती हत्यारांची पिशवी भंगारवाल्याला देऊन टाक. उगाच जागा अडवते.”

दाराजवळ पिशवी खरोखरच बांधून ठेवलेली होती. तिच्या नाडीची गाठ साहेबांनी पाहिली. असली घट्ट, सफाईदार गाठ मारणाऱ्या हातांना काय झालं होतं?

त्यांनी पुडा घेतला. प्रथम अधिकाऱ्याला शोभेल अशा रीतीने कडेला धरून ओढला. मग नखं लावली. मग पाठ फिरवून दात लावले. शेवटी ते जमिनीवर बसले, पुडा गुडघ्यांत धरला आणि स्वयंपाकघरातून सुरी आणून खुपसली. पुडा फटाक्यासारखा वाजला आणि बिस्किटं सुटका झालेल्या कैद्यांसारखी खोलीभर पळाली.

“नाना, तुमचे हात चांगले आहेत,” साहेब धापा टाकत म्हणाले. “हा पुडाच उघडत नाही.”

“उघडत नाही? मग विकतात कशाला?”

“उघडू नये म्हणून तर ही फिल्म निवडलीय.”

“कुठल्या गाढवानं?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मी.”

नानांनी पुड्याचं फाटकं टरफल उचललं, उजेडात धरलं, दोन बोटांत चुरगाळलं आणि कानाशी नेलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“म्हणजे मला उघडता येऊ नये अशी चीज तू केलीस?”

“हो, पण नाना...”

“शाबास रे पठ्ठ्या! आणि मी इतकी वर्षं समजत होतो, पोरगा पिशव्यांत वाया गेला!” त्यांनी जमिनीवरचं एक बिस्किट उचललं, फुंकर मारून खाल्लं. “कुरकुरीत आहे.”

हे शब्द ऐकण्यासाठी साहेबांनी पन्नाशी गाठली होती, आणि मिळाले ते नेमके चुकलेल्या कामाबद्दल. त्यांना आनंदाने भरून आलं आणि लाजेने मान वर होईना. पण दुपारभर बिस्किटाविना बसलेला म्हातारा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती बोलावली, सगळ्यांपुढे चहा ठेवला, एकेक पुडा ठेवला आणि म्हणाले, “घ्या. कात्री, ब्लेड, सुरी काही मिळणार नाही.”

विक्रीप्रमुखांनी नख गमावलं. इंजिनिअरांनी पुडा दाराच्या फटीत धरून दार आपटलं. दाराची बिजागरी निखळली. जाहिरातवाले पुड्याचा आवाज ऐकत बसले. खरेदीच्या बाई म्हणाल्या, “माझं डाएट चालू आहे,” आणि नुसता चहा प्यायल्या. सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: ‘सर्व सन्माननीय सदस्य पुडा उघडण्यात अयशस्वी झाले. सबब फिल्मचा दर्जा निर्विवाद सिद्ध होत आहे.’

“मग ही फिल्म मी निवडली असं कुठे लिहू नका,” साहेब म्हणाले, “आणि उद्यापासून मला पापुद्रेही म्हणू नका.” नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला होता. ते मालकांच्या कानावर गेलं आणि मालक दचकले. तडजोड अशी निघाली, की साहेबांनी दुसरी फिल्म शोधावी, दोन्ही पुडे एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवावेत आणि निर्णय गिऱ्हाइकाने करावा.

साहेबांनी मनापासून काम केलं. नऊ नंबरची फिल्म मऊ होती, जराशी निस्तेज होती, वाजत नसे. तिच्या कडेला बारीक खाच होती आणि तिथे दोन बोटं लावली की पुडा शहाण्या मुलासारखा उघडे. आत बिस्किट तितकंच कुरकुरीत. पुडे मांडले त्या दिवशी ते नानांना हाताला धरून दुकानात घेऊन गेले. बिचाऱ्यांना पहिलं पाकीट आपल्या हाताने उघडू द्यावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

नानांनी नऊ नंबर उचलला, खाच पाहिली, बोट लावलं. पुडा उघडला. त्यांनी तो घाईघाईने खाली ठेवला.

“हा नको. हा कुणीही उघडेल,” ते म्हणाले आणि सात नंबर काखेत मारून गल्ल्याकडे चालू लागले. आता त्यांच्या चालण्यात पूर्वीचा रुबाब होता. आज संध्याकाळी याचं काय ते बघतोच, असं ते पुटपुटत होते.

साहेब फळीआड उभे राहून पाहत राहिले. एका बाईंनी नऊ नंबर दाबून पाहिला आणि ‘शिळा दिसतोय’ असं नवऱ्याला सांगितलं. एका गृहस्थांनी तो वाजवून पाहिला, वाजला नाही म्हणून परत ठेवला. दुकान बंद व्हायच्या वेळेला नऊ नंबरची चवड जशीच्या तशी होती आणि सात नंबरची फळी रिकामी व्हायला आली होती.

आणि तुम्ही. उगाच नजर चोरू नका, साहेबांनी तुम्हाला पाहिलंय. तुम्ही दोन्ही पुडे हातात घेतलेत, मागची बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलंत, प्लॅस्टिक फार झालंय हल्ली असं शेजारच्याला म्हणालात आणि सात नंबरच घेतलात. तोही पुढचा नाही. त्याला कुणाचा तरी हात लागला असेल, म्हणून तुम्ही कोपरापर्यंत हात आत घातलात आणि अगदी मागचा काढलात.