धोंड्याच्या महिन्यातली फायनल

जोतीरामला सांगलीत आपल्या सासुरवाडीला उतरवायचं, हा विचार अनंतरावांना कचेरीत दुपारी साडेतीनला टपालावर शिक्के मारता मारता सुचला. साडेतीनला सुचलेल्या विचारांचं पुढे काय होतं, हे बावीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण त्या वेळी त्यांचं टपालाकडे लक्ष नव्हतं. समोरच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर एक चेंडू अलगद चढताना त्यांना दिसत होता. (खिडकीबाहेर चेंडू नव्हता. अजिंक्यतारा होता, पण तोही त्या खिडकीतून दिसत नसे. मध्ये गोदाम होतं.)

बास्केटबॉल अनंतराव स्वतः कधी खेळले नव्हते. ते फक्त बघत. रोज संध्याकाळी कचेरी सुटली की मैदानाच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसायचं, तिथे आधीच येऊन बसलेल्या नाथाजी आणि अण्णांशी वाद घालायचा आणि दिवेलागणीला चेंडू दिसेनासा झाला की घरी जायचं. नाथाजी फौजेतून पेन्शन घेऊन आलेले. अण्णा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. शेवटी जो बोलला असेल त्याच्या विरुद्ध बोलायचं, एवढं एकच तत्त्व अण्णांनी आयुष्यभर पाळलं होतं.

वादाचा विषय जोतीराम. माण तालुक्यातला, दहिवडीकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा. घरी मेंढरं. शंभर मेंढरांतलं कुठलं कधी कुठे वळेल हे ज्याला आधी कळतं, त्याला समोरची पाच माणसं म्हणजे किरकोळच. कॉलेजसाठी साताऱ्याला आला आणि वर्षभरात संघाचा गार्ड झाला. गार्ड म्हणजे चेंडू मागून पुढे आणणारा आणि तो कुणाला कधी द्यायचा हे ठरवणारा. जोतीराम चेंडू घेऊन निघाला की अनंतरावांना वाटे, हा पळत नाहीये, मैदानच याच्या पायाखालून मागे सरकतंय.

पण कोच होते हंबीरराव. माजी हवालदार. त्यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच हुकूम काढला होता: जोतीरामनं या वर्षी एकही बास्केट मारायची नाही. नुसता पास द्यायचा. मारलीच, तर मैदानाला दहा फेऱ्या.

"पोराचा हमाल केलाय त्यानं," अनंतराव म्हणत. "आलेलं घ्यायचं, पुढे द्यायचं. अहो, हे मी कचेरीत करतोच आहे. त्यासाठी इतकं पळायचं कशाला?"

"आवं, शिस्त हाय ती," नाथाजी म्हणत. "फौजेत पैलं वरीस नुसती बंदूक पुसायला लावत्यात. गोळी न्हाई."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची पुसायची."

"म्हणजे अनंतरावांचंच खरं," अण्णा म्हणत.

"बघा, अण्णांनाही पटलं!"

"तसं नाही हो. हंबीररावांचंही बरोबर आहे."

अनंतरावांना हा वाद इतका का लागे, हे त्यांनी भिंतीवर कधी सांगितलं नाही. बावीस वर्षांत हजारो फायली त्यांच्या हातांतून गेल्या. एकीवरही त्यांनी स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहिलं नव्हतं. लिहिलं ते एवढंच: 'सादर.' कडीच्या समोर मोकळा उभा राहूनही जोतीराम चेंडू दुसऱ्याला देऊन टाकी, तेव्हा अनंतराव भिंतीवरून अर्धे उठत. एकदा, फक्त एकदा या पोरानं चेंडू स्वतः वर फेकावा आणि तो आपण डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पेन्शननंतरची दुसरी.

आणि आता सांगलीत, सांगलीच्याच संघाशी फायनल होती. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब खेळाडू निवडायला येणार होते. त्यांना जोतीराम पसंत पडला तर नोकरी. नाही पडला तर परत मेंढरं. दहिवडीकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या आणि बापानं पोराला परत बोलावलं होतं.

संघाची सोय एका शाळेच्या वर्गात होती. "तिथे ढेकूण," अनंतराव हंबीररावांना म्हणाले. "पोराला सामन्याआधी दोन तास स्वस्थ झोप पाहिजे. माझ्या सासूबाईंचं घर मैदानापासून दहा मिनिटांवर आहे." (बसमध्ये शेजारी बसून पोराला 'मार' म्हणून सांगता येईल, हे ते बोलले नाहीत.)

हंबीररावांनी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: 'एक. जेवण हलकं, भात-आमटी. गोड आणि तेलकट बंद. दोन. एक ते तीन झोप. तीन. चारला ग्राउंडवर हजर.'

"सही करा."

अनंतरावांनी कागद पाहिला आणि हात आपोआप चालला. 'आदेश पोचला' असं लिहून त्यांनी खाली तारीखसुद्धा घातली. तिथेच ते अडकले. हंबीररावांचा शब्द त्यांनी मोडला असता, पण पोच दिलेला कागद मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.त त्यांनी कऱ्हाड येईपर्यंत धीर गोळा केला.

"जोतीराम, आज एकदा तरी स्वतः मारून बघ."

"सर न्हाई म्हणल्यात, काका."

"सर म्हणतील. तुझं मन काय म्हणतं?"

जोतीरामनं बराच वेळ खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत विचार केला. मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मनाला इचारलंच न्हाई कवा."

पुढचा रस्ता अनंतरावांनी कृष्णेकडे बघत काढला. उन्हात नदी चकाकत होती आणि चेंडू पाण्यावरून टप्पे घेत बसबरोबर येत होता.

सासूबाईंच्या दारात पाऊल टाकताच तुपाचा वास आला. दोन पाटांभोवती रांगोळी होती. आठवडाभर आधी माहेरी आलेली चारुशीला नवी साडी नेसून समोर उभी.

"अहो, पत्र मिळालं ना?"

"मिळालं की. नोंद आहे."

नोंद होती. घरी आलेल्या पत्रावरही आधी क्रमांक आणि तारीख घालून ते गठ्ठ्यात सरकवायची अनंतरावांना सवय होती. वाचणं हे वरच्या साहेबांचं काम. त्या आवक क्रमांक चौदामध्ये चारुशीलेनं लिहिलं होतं, 'अधिक वैशाख चालू आहे. रविवारी आईनं तुम्हाला धोंड्याचं जेवण योजलं आहे. रिकाम्या पोटी यावे.'

सन बहात्तरचा तो धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला तेहतीस अनारश्यांचं वाण द्यायचं, नवं धोतर द्यायचं आणि पुरण भरलेले, तुपात तळलेले कणकेचे गोल धोंडे वाढायचे. विष्णूला पोट एकच असतं, याचा शास्त्रात विचार झालेला दिसत नाही.

सासरे हयात नव्हते, त्यामुळे दोघांच्या वाटचा आग्रह लीलाबाई एकट्याच करत. जावयाबरोबर आलेला माणूसही जावयाच्याच मानाचा, हे त्यांनी जोतीरामला पाहताक्षणी ठरवून टाकलं.

पहिला धोंडा ताटात पडला. जोतीरामनं तो पाहिला. मग अनंतरावांच्या कानाशी हळूच म्हणाला, "काका, गोड बंद हाय."

"नको म्हण."

"नको, आजी."

"पहिल्या पंगतीत नको म्हणायचं नसतं, बाळ," लीलाबाई म्हणाल्या आणि दुसरा वाढला. पानात टाकून उठणं त्या घरात माफ नव्हतं.

अनंतरावांच्या डोळ्यांसमोर स्वतःची सही आली. "इकडे सरकव," ते पुटपुटले.

आणि मग जे झालं ते हंबीररावांनी पाहायला हवं होतं. जोतीरामनं मान वळवली नाही, डोळेही वळवले नाहीत. तो समोर आमटीकडे बघत राहिला आणि त्याचा डावा हात नुसता हलला. धोंडा अनंतरावांच्या ताटात. तिसरा आला, तो जमिनीला टेकायच्या आत, म्हणजे भाताला लागायच्या आत, पुढे गेला. लीलाबाई डावीकडून आल्या, उजवीकडून आल्या, तुपाची वाटी दाखवून हुलकावणी दिली. पोरगा बधला नाही. आलेलं स्वतःजवळ ठेवायचं नाही, हे वर्षभराचं शिक्षण तुपासारखं मुरलं होतं.

"कसा पटापट खातोय बघा," लीलाबाई कौतुकानं म्हणाल्या आणि आणखी आणायला वळल्या.

"अहो, तुमचा वेग मात्र कमी पडतोय," चारुशीला म्हणाली.

अनंतराव बोलण्याच्या स्थितीत नव्हते. स्वतःचे सात आणि जोतीरामचे नऊ खाऊन ते उठले तेव्हा (उठले म्हणजे उठवले गेले) पोरगा भात-आमटी जेवून हात धुऊन आला होता. कलम एक पाळलं गेलं होतं.

एक वाजता जोतीराम सतरंजीवर आडवा झाला. अनंतराव नव्या करकरीत धोतरात, कपाळाला कुंकू, झोपाळ्यावर नुसते टेकले. पोरावर नजर ठेवायला. झोपाळ्याच्या कड्या सावकाश कुरकुरत होत्या. वाळ्याच्या पडद्यावर चारुशीलेनं पाणी मारलं होतं, त्याचा गार सुगंध येत होता. पोटात तूप, डोक्यावर वैशाख. अनंतरावांनी फक्त पापण्या मिटल्या.

ते मैदानावर होते. सांगलीचं मैदान होतं, पण मधून कृष्णा वाहत होती आणि खेळाडू पाण्यावरून चालत होते, बिलकूल न भिजता. लीलाबाई शिट्टी तोंडात धरून पंच झाल्या होत्या. जोतीराम चेंडू घेऊन निघाला. एकेक माणूस आदरानं बाजूला झाला, जसा कचेरीत साहेबांसाठी होतो. कडीसमोर तो थांबला. त्यानं वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून अनंतराव म्हणाले, "सादर." आणि जोतीरामनं चेंडू फेकला. चेंडू वर गेला, आयर्विन पुलाच्या वर, गणपतीच्या कळसाच्या वर, आणखी वर, सोनेरी होत गेला आणि खाली यायचं विसरला. सगळी सांगली माना वर करून उभी होती. कुणालाच घाई नव्हती. अनंतरावांना इतकं सुख पगारवाढीतही झालं नव्हतं.

मांजर पोटावर येऊन बसलं म्हणून त्यांना जाग आली. घड्याळात सव्वासहा झाले होते.

सतरंजीची नीट घडी होती. घरात कोणी नव्हतं. उशाशी आवक क्रमांक चौदा होता. चारुशीलेनं तो त्यांच्याच पिशवीतून काढला असावा. उरलेल्या कोऱ्या जागेत तिनं लिहिलं होतं: 'तुम्हाला तीनदा उठवलं. जोतीरामला घेऊन आम्हीच जातो. मांजराकडे लक्ष असू द्या.'

अनंतराव धावले. नवं धोतर चालण्याच्याही कामाचं नव्हतं, धावण्याचं तर सोडाच. कुंकू लावलेला माणूस धोतर धरून पळताना पाहून गल्लीतल्या एकानं "मुहूर्त किती वाजताचा?" असं आपुलकीनं विचारलं. कोपऱ्यावर समोरून टांगा आला. टांग्यात चारुशीला आणि लीलाबाई. लीलाबाईंचा आवाज पार बसला होता.

"काय झालं?" अनंतरावांनी टांग्याला लोंबकळत विचारलं.

"अहो, जिंकलो!" चारुशीला म्हणाली. ज्या भिंतीला ती आजवर 'तुमचं ते रिकामटेकड्यांचं ठिकाण' म्हणत आली होती, तिच्यावर जन्म गेल्यासारखी ती बोलू लागली. "शेवटचं मिनिट, आपण एकानं मागे. जोतीराम चेंडू घेऊन आला. हा पास देणार, म्हणून सांगलीचे सगळे इतरांना चिकटलेले. त्याच्यासमोर कोणीच नाही! आणि त्यानं मारला!"

"मारला?"

"मारला! हंबीररावांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. पुण्याचे साहेब उभे राहिले. त्यांनी तिथेच त्याचं नाव लिहून घेतलं."

अनंतरावांचे डोळे भरून आले. धोतर सुटत होतं तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "मी त्याला बसमध्ये सांगितलं होतं," ते म्हणाले. "शेवटी ऐकलं पोरानं."

"तुमचं कुठलं," लीलाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे? सगळे धोंडे तुमच्या ताटात गेले, ते मी पाहिलं. जाताना टांग्यात त्याला म्हटलं, बाळ, आलेलं सगळं दुसऱ्याच्याच पानात टाकू नये. एखादा तरी आपण खावा. त्यानं खूप विचार केला, आणि म्हणाला, 'व्हय, आजी.'"

"मग मला का वाढत राहिलात?"

"तुम्ही जावई," लीलाबाई म्हणाल्या.

आणि हुकूम मोडल्याबद्दल हंबीररावांनी जोतीरामला करंडक हातात देऊन मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. सांगलीकरांनी त्याला विजयाची मिरवणूक समजून टाळ्या वाजवल्या.

साताऱ्यात दुसऱ्या दिवशी भिंतीवर अण्णा आणि नाथाजी चातकासारखे बसले होते.

"कसा मारला, सांगा!"

"वर गेला," अनंतराव डोळे मिटून म्हणाले. "सोनेरी झाला..."

"ह्यो चेंडू हाय का अनारसा?" नाथाजी म्हणाले.

खरी हकीकत अखेर भाजी आणायला निघालेल्या चारुशीलेनं पिशवी भिंतीवर ठेवून सांगितली. ती रोजच भाजी आणायला निघू लागली. हंबीररावांनीच मुद्दाम पोराला वर्षभर राखून तो क्षण तयार केला, असं नाथाजींचं मत पडलं. तो नशिबाचा भाग, असं अण्णांचं. चारुशीलेनं दोघांचंही खोडून काढलं. फायनल डोळ्यांनी पाहिलेली त्या भिंतीवर तीच एकटी होती. अनंतराव टोकाला बसून ऐकत.

महिन्याभरानं पुण्याहून जोतीरामचं पत्र आलं. सांगलीच्या त्या रविवारपासून अनंतराव पत्रं आधी वाचत आणि मग क्रमांक घालत. त्यांनी भिंतीवर सर्वांदेखत ते मोठ्यानं वाचायला घेतलं.

'काका, शिरसाष्टांग नमस्कार. सकाळी कंपनीसाठी खेळतो, दिवसा कचेरीत बसतो. मला आवक-जावक दिली आहे. आलेलं घ्यायचं, पुढे द्यायचं, आपल्याजवळ काही ठेवायचं नाही. हंबीरराव सरांनी सगळं आधीच शिकवल्यामुळे जड गेलं नाही. परक्या गावात आहे असं वाटत नाही. जेवणानंतर हेडक्लार्क साहेबांकडे पाहिलं, की अगदी तुमच्याजवळ सतरंजीवर पडल्यासारखं वाटतं. त्यांनाही तीनदा उठवावं लागतं.'