डिग्रीला वाळवी लागू नये म्हणून

ही गोष्ट खरी आहे. माझ्या पोटापाण्याच्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो, यातलं एक अक्षर खोटं निघालं तर उद्यापासून माझ्या दुकानाला कुलूप. (आता एखादं अक्षर इकडचं तिकडे होतंच. दुकान माझं एकच आहे, तेव्हा शपथ जरा सैल धरा.) बरं, नव्वद टक्के खरं. उरलेलं दहा टक्के कुठलं, ते शेवटी सांगेन. तोवर विचारू नका.

तर दुर्गजवळच्या खुर्सीपारचे बाबाराव लांजेवार. मूळ तुमसरकडचे, पोलादाच्या प्लांटच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये तीस वर्षं क्लार्क. या माणसाला जगात एकच शत्रू होता, तो म्हणजे वाळवी. तरुणपणी गावच्या घरी ट्रंकेत ठेवलेली त्यांची मॅट्रिकची सनद वाळवीनं खाल्ली. शेजारच्या लग्नपत्रिकेला तोंडही लावलं नाही, सनद तेवढी निवडून खाल्ली. मग बाबारावांना दुर्गच्या कोर्टात जाऊन लिहून द्यावं लागलं, की मी खरोखर मॅट्रिक पास आहे. नोटरीनं त्यांना वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "पक्का?"

तो 'पक्का?' बाबाराव जन्मात विसरले नाहीत. तेव्हापासून घरात जे जे कागदाचं, ते ते प्लास्टिकमध्ये गेलं. जन्मपत्रिका, विजेची बिलं, इतकंच काय, शीलाबाईंच्या हातची अनारशाची कृतीसुद्धा. शीलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या, "मी पंधरा मिनिटं एका जागी बसली ना, त मलेबी मशिनीत घालतीन हे."

यांची एकुलती एक मुलगी अपेक्षा. मेटलर्जीची, म्हणजे लोखंड-पोलादाची, इंजिनिअर. दुर्गला एका कोचिंगमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ परदेशी शिकायला जाण्यासाठी स्कॉलरशिप शोधायची. दोन वर्षांत एकतीस अर्ज. कुठं वय जास्त, कुठं गाव चुकीचं, कुठं वडिलांचं उत्पन्न जास्त. (आपलं उत्पन्न जास्त आहे, हे बाबारावांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी कळवलं होतं. ते दोन दिवस खुशीत होते.)

"फुकट कोनी शिकवते का कोनाले?" बाबाराव रोज जेवताना म्हणायचे. "इथं शेजारी विरजनाले चमचाभर दही देत नाई, अन् तुले गोरे लोक कॉलेज देऊन राहिले!"

"तुमाले नाई समजत, पप्पा. रहने दो."

बत्तिसावा अर्ज लागला. जर्मनीतला कुठलासा ट्रस्ट, पोलादाच्या गावात वाढलेल्या मुलींना शिकवणारा. फी, राहणं, खाणं, जाण्यायेण्याचं तिकीट, सगळं त्यांचं. अट एकच. मूळ डिग्रीवर सरकारी शिक्के मारून घ्यायचे आणि एकवीस दिवसांत ते कागद त्यांच्याकडे पोचवायचे. नाही पोचले, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

अपेक्षानं कपाटातून डिग्री काढून टेबलावर ठेवली. "उद्या सुट्टी टाकून रायपूरले जातो, शिक्का मारून आणतो," म्हणाली आणि क्लासला गेली. बाबारावांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी. ते टेबलाशी बसून राहिले. दोन वर्षं 'फुकट फुकट' म्हणून पोरीला टोचलं, ते आता त्यांनाच टोचायला लागलं. पोरीसाठी आपण काय केलं? काही नाही. आता तरी करावं. आणि बाबारावांना करता येण्यासारखी जगात एकच गोष्ट होती.

"शीला, जर्मनीत वाळवी असते का वं?"

"मी काय जाऊन आली का तिथं?"

"नसनबी. पन आपल्या इथूनच गेली त? बॅगेत बसून?"

शीलाबाई कुकरची शिटी मोजत होत्या. त्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणजे होकार, असं बाबारावांनी धरलं. (तीस वर्षांच्या संसारात होकार त्यांना असाच मिळत आला होता.) डिग्री पिशवीत घालून ते चौकातल्या चंपतच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. हा चंपत म्हणजे अतिशय सज्जन, अभ्यासू माणूस. खुर्सीपारमध्ये इतका प्रामाणिक दुकानदार दुसरा मिळायचा नाही. डिग्री बघताच तो कळवळून म्हणाला, "बाबारावजी, हे ओरिजिनल हाय. झेरॉक्स काढा अन् झेरॉक्स लॅमिनेट करा."

"झेरॉक्सले वाळवी लागली त काय जाते आपलं? जपा लागते ते ओरिजिनलले!"

या तर्कापुढे बिचाऱ्या चंपतचं काय चालणार? मशीन तापलं, डिग्री एका बाजूनं आत गेली, दुसऱ्या बाजूनं चकाकत बाहेर आली.

संध्याकाळी अपेक्षा घरी आली. डिग्री भिंतीला टेकवून ठेवली होती, वर झेंडूचं एक फूल. ती चपलांसकट खुर्चीवर बसली.

"पप्पा, हे काय?"

"आता हवा जात नाई, पानी जात नाई!"

"शिक्का भी नहीं जाएगा, पप्पा."

"मले शिकवते का? तीस वर्षं शिक्के मारून राहिलो मी. मी येतो उद्या संगं."

दुसऱ्या दिवशी रायपूरला, खिडकीतल्या बाबूनं डिग्रीवर नखानं टकटक केलं.

"शिक्का कहाँ मारूँ?"

"मारिए ना साहब, भरपूर जगह है," बाबाराव खिडकीत अर्धे शिरून म्हणाले.

बाबूनं मारून दाखवला. शाई प्लास्टिकवर तेलासारखी पसरली. बाबारावांनी तत्परतेनं रुमाल काढून पुसली. "देखा? निशान भी नहीं रहता! दुबारा मारिए."

रांगेतले लोक हसले. बाबू हसला नाही. "बाबा, काग़ज़ लाइए. प्लास्टिक पे सरकार नहीं चिपकती."

परतीच्या गाडीत बापलेक दोघं एकाच खिडकीतून बाहेर बघत होते. तीन दिवसांनी अपेक्षा विद्यापीठात दुसरी प्रत मागायला गेली. दुसरी प्रत मिळते, पण दोन महिन्यांनी. हे ती तिकडे ऐकत होती, तेवढ्यात इकडे बाबारावांनी ठरवलं, की आपण बिघडवलं ते आपणच सुधरवायचं. लॅमिनेशन गरम होऊन चिकटतं, तर गरम होऊनच सुटणार. त्यांनी इस्त्री काढली.

"शीला, बटन सिल्कवर ठेवू का कॉटनवर?"

"डिग्री कायची हाय त्याच्यावर हाय ते."

"मेटलर्जीची."

"मंग कॉटनवर ठेवा. लोखंड का सिल्कचं असते?"

जुन्या लुगड्याची घडी, त्याखाली डिग्री, त्यावर तापलेली इस्त्री. वास सुटला. कोपरा सुटला. बाबाराव आनंदानं ओरडले, "निंगून राहिलं! निंगून राहिलं!" आणि त्यांनी ओढलं.

प्लास्टिक निघालं, अगदी साफ. कागद हातात राहिला. कागदावर विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं, कुलगुरूंची सही होती. मधोमध जिथं नाव होतं, तिथं पांढरं. 'अपेक्षा बाबाराव लांजेवार' प्लास्टिकवर चिकटून आलं होतं, उलट्या अक्षरांत.

अपेक्षा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बाबारावांनी प्लास्टिक पाठीमागं लपवलं. चाळीस वर्षांपूर्वी तुमसरला मास्तरांपासून कैऱ्या लपवायचे, तसं. तिनं हात पुढे केला. प्लास्टिक घेतलं, कागद घेतला, दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. नाव नेमकं जागेवर बसलं. मग प्लास्टिक हललं आणि नाव सरकलं.

"अब और कुछ मत करो, पप्पा. प्लीज."

"मी कोर्टात लिहून देतो," बाबाराव म्हणाले. "दुर्गले जाऊन. का माही पोरगी खरंच पास हाय."

अपेक्षा हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"पक्का?" तिनं विचारलं.

पुढची गोष्ट थोडक्यात. दुसऱ्या वर्षी तिला आणखी मोठी स्कॉलरशिप मिळाली, ती जर्मनीला गेली आणि तिथून तिनं बर्फात उभं राहून काढलेला फोटो पाठवला. बाबारावांनी तो त्याच दिवशी लॅमिनेट करून घेतला.

आता ते दहा टक्के.

बर्फाचा फोटो खोटा. ट्रस्टचं पत्र आलं, फार सभ्य भाषेत. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. दुसऱ्या वर्षी अपेक्षाचं वय त्यांच्या अटीत बसेना. ती दुर्गलाच फिजिक्स शिकवते. बाबाराव जेवताना आता काहीच बोलत नाहीत.

आणि दुसरं खोटं त्या सज्जन, अभ्यासू चंपतचं. त्यानं काही सांगितलं-बिंगितलं नव्हतं. उलट बाबारावांनीच विचारलं होतं, "चंपत, ओरिजिनल हाय बावा, चालते ना?" तेव्हा मी म्हणालो, "चालते का म्हंता, पळते! मार्कशीटबी आना, पाचावर एक फ्री."

हो, मीच तो चंपत. इतका प्रामाणिक दुकानदार खुर्सीपारमध्ये दुसरा नाही म्हणालो, ते तरी कोण दुसरा म्हणणार होता?

गेल्या महिन्यात अपेक्षा दुकानात आली. त्यानंतर पहिल्यांदाच. तिच्या हातात सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद होता. 'ओरिजिनल डिग्री लॅमिनेट करू नये. शिक्का बसत नाही.'

"चंपत काका, हे लॅमिनेट करून भिंतीवर लावा."

मी मोठ्या मनानं म्हणालो, "पैसे राहू दे, बेटा." तिनं पैसे काउंटरवर ठेवले आणि गेली.

मी तो कागद लावला. पंधरा दिवसांत त्या भिंतीला वाळवी लागली. अपेक्षाच्या कागदाला तिनं तोंडही लावलं नाही. शेजारी टांगलेलं माझ्या दुकानाचं लायसन मात्र पार खाल्लं. वीस वर्षं मशीन समोर असून मी ते कधी लॅमिनेट केलं नव्हतं.

ओरिजिनल होतं ना.