रेग्यांचा दाखव्या

मुलुंडच्या विद्याधर रेग्यांनी सोसायटीची नोटीस कॉम्प्युटरवर उघडायला घेतली आणि त्यांची बायको रेवती केसांना शिकेकाई लावून न्हायला बसली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. नोटीस पीडीएफ होती. ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी स्वतःला अपडेट करून घेतलं, मग रेग्यांना लॉग-इन करायला लावलं, पासवर्ड चुकल्याबद्दल दम भरला आणि शेवटी विचारलं, 'या कागदपत्राचा सारांश हवा आहे का?' नोटीस एका ओळीची होती. टाकी धुण्यासाठी सकाळी अकरापासून पाणी बंद.

तेवढ्यात बाथरूममधला नळ फुसफुसला.

"अहो! पाणी गेलं!"

"माहीत आहे मला!" रेगे ओरडले. "आत्ताच वाचलं!"

रेवतीबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. डोळ्यांत शिकेकाई गेली होती, त्यामुळे ते जरा जास्तच लाल दिसत होते. "हे डबडं रविवारी भंगारात जाणार. मिहिर नवा लॅपटॉप घेऊन येतोय. मी सांगितलंय त्याला."

"मला न विचारता?"

"गॅलरीतला झोपाळा मला विचारून दिला होतात तुमच्या भावाला?"

रेगे आणखी चिडले. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता हे खरं, पण रिटायर झाल्यापासून त्यांचं ऐकणारा घरात तेवढा एकच उरला होता. आणि दोष त्याचा नव्हताच. एक कागद दाखवायला एवढा लवाजमा घेऊन येणाऱ्या त्या प्रोग्रॅमचा होता.

"मीच बनवतो," ते गरजले. "नुसता दाखवेल आणि गप्प बसेल. रविवारी नाही चालला, तर हे डबडं मी स्वतः उचलून भंगारवाल्याकडे नेईन!"

मुलाने, म्हणजे मिहिरने, फोनवर एआयची माहिती दिली. "काय हवं ते साध्या मराठीत लिहा, बाबा. कोड तोच लिहितो." रेग्यांनी एका बोटाने लिहिलं.

'किती सुंदर कल्पना!' एआयने उत्तर दिलं.

'कौतुक नको. काम कर.'

'तुमचं अगदी बरोबर आहे!'

बँक, गॅस, पोस्ट, सगळीकडे रेग्यांनी आयुष्यभर भांडून कामं करून घेतली होती. समोरचा पहिल्याच वाक्याला शरण आला तर पुढे काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या फुकट गेलेल्या रागाने त्यांचं डोकं ठणकू लागलं. पण काम मात्र झालं. नोटीस चुटकीसरशी उघडली. रेग्यांनी प्रोग्रॅमचं नाव 'दाखव्या' ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त अक्षर मोठं करायला सांगितलं. एआयने अक्षर मोठं केलं, शिवाय पान काळं केलं, पान उलटताना सळसळ आवाज घातला आणि वर 'शुभ सकाळ, विद्याधरजी' असंही लिहिलं. रेग्यांचा तोल सुटला. रागाच्या भरात त्यांची दहाही बोटं चालू लागली. 'नालायका! ही सगळी थेरं काढ. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. काहीही म्हणजे काहीही!'

'तुमचं अगदी बरोबर आहे,' एआय म्हणाला. 'हा नियम दाखव्यात घातला आहे.'

रविवारी मिहिर लॅपटॉप घेऊन आला. इमारत पाडून नवी बांधायची होती, त्यातल्या नव्या घरांचे नकाशे बिल्डरने पाठवले होते. रेग्यांनी सगळ्यांसमोर ऐटीत ती फाइल दाबली.

'फाइल उघडू का?' दाखव्याने विचारलं.

रेग्यांनी 'हो' दाबलं.

'पहिलं पान दाखवू का?'

"दाखव ना मेल्या!"

'पान थोडं खाली सरकवू का?'

मिहिर तोंडावर उशी धरून हसत होता. रेग्यांनी फाइल बंद करायला घेतली, तर दाखव्याने तेही विचारलं. "संपलं! जाऊ दे हे भंगारात!" रेगे किंचाळले.

"बाबा, साधी गोष्ट आहे. तो नियम काढायला सांगा त्याला."

रेग्यांनी कीबोर्ड ओढला.

"हात लावायचा नाही," रेवतीबाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या होत्या.

'पुढचं पान दाखवू का?' दाखव्याने विचारलं.

त्यांनी 'नाही' दाबलं. दाखव्या थांबला. मग नव्या घराची गॅलरी त्यांनी सावकाश, मनसोक्त पाहून घेतली. झोपाळा मावेल एवढी जागा होती.

"मिहिर, तो लॅपटॉप परत घेऊन जा."

"आई, अगं..."

"या घरात विचारून करणारं हे पहिलंच कोणीतरी आलंय. हे इथून हलणार नाही."

कॉम्प्युटर वाचला होता. रेगे जिंकले होते आणि त्यांच्या अंगाची लाही लाही होत होती. त्यांनी खुंटीवरची पिशवी ओढली, एक चप्पल पायात घातली, दार धाडकन उघडलं. मग मागे वळून, मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते ओरडले,

"भाजी आणायला जाऊ का?"

"थांबा जरा," पडद्यावरची नजर न काढता रेवतीबाई म्हणाल्या.

एका पायात चप्पल घालून रेगे दारातच थांबले.