रूआँतला कोट

डॉक्टर दामले हात मिळवण्याआधी समोरच्याची बाही चिमटीत धरतात. आयर्लंडमध्ये, लिमरिकला पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "टेरिकॉट! इथल्या पावसात याचं पोतेरं होणार." मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, मुलाखतीसाठी हौसेनं घेतलेलं जाकीट होतं ते! राग आला. पण माणूसच तसा. सांगलीला वडिलांचं कापडाचं दुकान. पोरगा डॉक्टर झाला, बोटं दुकानातच राहिली.

यंदा त्यांची मुलगी इरा शिकायला फ्रान्सला, रूआँला निघाली. दामलेकाकूंना रजा मिळेना, म्हणून आलटून पालटून गाडी चालवायला मी गेले. समुद्र बोटीनं, पुढे रस्त्यानं. इराचं सामान खोलीवर टाकलं. संध्याकाळी तिला तिथंच ठेवून आम्ही दोघं परतणार होतो.

आलोच आहोत तर तिघं मिळून गाव बघू म्हटलं. मी माहितीची पाटी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हलत नाही. कॅथेड्रलसमोर डॉक्टर मान वर करून म्हणाले, "दगडाची लेस विणलीय लेकांनी! धुणार कोण?" पुढे रस्त्यावरच्या कमानीत जुनं सोनेरी घड्याळ. त्याला एकच काटा. "बरंय. मिनिटांची कटकट नाही."

पलीकडेच कपड्यांचं दुकान दिसलं. "इराला कोट घेऊ, मग निघू," डॉक्टर म्हणाले.

आत जाऊन त्यांनी बूट काढले, बाकावर मांडी घातली आणि म्हणाले, "हं, दाखवा!" दुकानातल्या बाई बघतच राहिल्या. तिकडे गिऱ्हाईक टांगलेले कपडे आपल्या हातानं उतरवून बघतं. डॉक्टरांनी बोट दाखवून दाखवून अख्खी रांग उतरवायला लावली. निळा? "अस्तर हलकं." करडा? "काजं बघ, काजं!" तपकिरी? "कापड बोलत नाही."

हिरवा मात्र इराला मापून शिवल्यासारखा बसला. "बाबा, इट्स ग्रँड!"

डॉक्टर उठले. कॉलर बघितली, खांदा बघितला, घेर उलटून बघितला. खोट सापडेना.

"घ्या की डॉक्टर," मी म्हटलं. "निघायला उशीर होतोय."

"खिसा..." ते म्हणाले आणि कोटाच्या खिशात हात घालून तसेच उभे राहिले. "खिसा फार खोल आहे. यात काही ठेवलं, तर पोरीला सापडायचं नाही."

ते परत बाकावर जाऊन बसले.

इरानं त्यांच्याकडे पाहिलं. कोट उतरवून ठेवला, बाबांना खेटून बसली आणि बाईंना फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. बाई शिडी आणायला गेल्या. वरची फळी अजून बघायची राहिली होती.