पेशींची रंगीत तालीम

"आज मेंदू आपल्यापुढे मन मोकळं करणार!" विभागप्रमुख सरांनी हात उंचावून घोषणा केली आणि लगेच आवाज खाली आणला. "बाई, एवढंच जरा. पाहुणे येतील, खुर्च्या कमी पडतील. बघता का?"

बाई खुर्च्या बघायला गेल्या. बारा वर्षं त्या हेच करत होत्या. मधल्या वेळात संशोधन.

मायक्रोस्कोपखालच्या बशीत त्यांनी तीन आठवडे मज्जापेशी वाढवल्या होत्या. या पेशींच्या पोटात इवल्या इवल्या पिशव्या असतात आणि पिशव्यांत पेप्टाइड नावाचे रासायनिक निरोप. एकदा टोचून त्या दाद देत नाहीत. पंपातून क्षारपाणी सोडून पुन्हा पुन्हा डिवचलं, की पिशव्यांची तोंडं उघडतात, निरोप बाहेर पडतात आणि बाईंनी लावलेल्या रंगामुळे पडद्यावर हिरवे ठिपके लुकलुकतात. ते ठिपके आज खोल्यांचं वाटप ठरवणाऱ्या समितीला दिसले, तर ही खोली बाईंची. नाहीतर इथे झेरॉक्सचं मशीन. ते आधीच जिन्याखाली येऊन वाट बघत होतं.

बाई धापा टाकत खुर्च्या घेऊन आल्या. समिती येऊन बसली. बाईंनी पंपाचं बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसून पाहिला. पडद्याला त्याचं काही वाटलं नाही.

"मामा," बाईंनी प्रयोगशाळेच्या मदतनिसाला विचारलं, "बशीला हात कोणी लावला?"

"हात कुणीच नाही लावला, बाई. बटण तेवढं दाबलं."

"कोणी?"

"सरांनी. तुम्ही खुर्च्यांना गेलात तेव्हा, रंगीत तालीम म्हणून. काय लखलखाट झाला हो! मग म्हणाले, मामा, ऐनवेळी तुमच्यावर आलं तर? म्हणून मी दहा वेळा. तेवढ्यात हेडक्लार्क आले, त्यांनी बिचाऱ्यांनी पाहिलंच नव्हतं..."

"शेवटी जरा मंदावल्या," सर पुटपुटले. "म्हटलं, दमल्या असतील. चांगली पाच मिनिटं विश्रांती दिली की मी!"

"पाच मिनिटं?" बाईंचा आवाज जिन्याखालच्या मशीनपर्यंत गेला. "सर, रिकाम्या झाल्यात त्या! नव्या पिशव्या पेशीच्या मधोमध तयार होतात आणि तिथून लांबलचक तंतूतून रांगत येतात. तासन् तास लागतात! आणि मी खुर्च्या उचलतेय! बारा वर्षं खुर्च्या! परिषदेला तुमची बॅग मी धरायची, निबंध मी लिहायचा, वर नाव तुमचं! सुट्टीत तुमच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं? मीच!"

सरांनी छताकडे पाहिलं. मामांनी सरांकडे पाहिलं.

"बाई," अध्यक्ष हळूच म्हणाले, "हे आधी कधी बोलला होतात?"

"नाही."

"म्हणजे एकेका विनंतीने काही झालं नाही. सारखं डिवचल्यावर सगळं एकदम बाहेर आलं."

"हो."

"आणि आता?"

बाईंनी स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. "आता काहीच शिल्लक नाही. भरायला उद्या सकाळ उजाडेल."

"कळलं!" अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "सात विभाग पाहिले. कळलेलं हे पहिलंच. खोली यांचीच राहील."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि सहीसाठी खिसे चाचपले. एक, दुसरा, मग आतला. सर चवड्यांवर बाईंच्या कानाशी आले.

"बाई, एवढंच जरा... पेन आहे का?"